न उसवलेली नावं

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. मालक तेवढे ताई म्हणायचे, पण मालक कोणाशीही बोलले तरी गोडच बोलायचे, त्यामुळे ते सोडा. टाचणी हे नाव पडायला कारण साधं होतं. बाईच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, म्हणून तिला बोलता येत नसे. काही विचारलं की ती मान हलवायची. होकाराची मान वेगळी, नकाराची वेगळी, आणि 'तुला अक्कल केव्हा येणार' याची तिसरी. या तीन मानांवर बाईने तेवीस वर्षं नोकरी काढली, असं कटिंग मशीनवरचे काका सगळ्यांना सांगत. ते फारसं खोटं नव्हतं.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. टाचणीची खोली अगदी टोकाला, गोदामाला लागून. एक शिवणयंत्र, एक इस्त्रीचं टेबल, आणि भिंतभर लोखंडी कपाट. कपाटाला बासष्ट खण, कारण कामगार बासष्ट. प्रत्येकाला निळ्या युनिफॉर्मचे दोन जोड, आणि शर्टाच्या खिशावर पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं त्याचं नाव. कापायचं, शिवायचं, फाटलं की सांधायचं, सगळं टाचणीकडे. माणसाचा चेहरा ती एखादवेळ विसरायची, पण खांदा विसरायची नाही. कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोणाचं पोट दिवाळखोरासारखं दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मागतं, कोणाच्या बाहीला गोंद लागून लागून पुठ्ठाच झालाय, हे तिला पाठ असायचं. मापांची एक जाड वही होती, पण ती नावापुरती.

तिचा एक नियम होता आणि त्यात मालकांचंही काही चालत नसे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे कपडे परत येत. ते धुवायचे, इस्त्री करायचे आणि खिशावरचं नाव उसवायचं. नाव उसवल्याशिवाय तो कपडा दुसऱ्याच्या अंगाला लागता कामा नये. हा नियम तिने उगाच केला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी घाईगडबडीत एका नव्या माणसाला जुन्या नावाचा शर्ट दिला गेला. जुना माणूस हृदयविकाराने गेला होता. त्याच्या बायकोने भर बाजारात पाठमोरा निळा शर्ट पाहिला, धावत पुढे गेली, खिशावर नाव वाचलं आणि तिथेच मटकन खाली बसली. टाचणीला हे कळलं तेव्हा दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून ती टाके उसवायची छोटी कात्री गळ्यात अडकवून फिरायची.

हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला, तो आजाराची साथ आली त्या वर्षी.

दुकानं बंद, बाजार बंद, मग खोकी कोणाला हवीत? महिनाभर कारखान्याला कुलूप होतं. उघडला तेव्हा मालकांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं की बासष्टांपैकी बावीस जणांनाच काम आहे. सरकारने कारखान्यांसाठी मदतकर्ज जाहीर केलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतंच. काम नसलं तरी कामगारांना काढायचं नाही, त्या कर्जातून त्यांना पगार द्यायचा, आणि वर्षभर तसा दिला तर कर्ज माफ. "मी अर्ज केलाय," मालक म्हणाले. "अजून मंजूर नाही. मंजूर झालं की पहिला फोन तुम्हाला. तोवर मला माफ करा." बोलताना त्यांनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या, टाचणीही रडली, आणि काकांनी टोपी काढून डोळे पुसले.

त्या आठवड्यात चाळीस जणांचे कपडे परत आले. त्यांत धाकटीचेही होते. धाकटी म्हणजे टाचणीची सख्खी लहान बहीण. अकरा वर्षांपूर्वी टाचणीनेच मालकांकडे शब्द टाकून तिला गोंद विभागात लावली होती. धाकटीचा नवरा कधीच सोडून गेला होता आणि मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. धाकटीने आपल्या कपड्यांची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, माझं नाव उसवू नकोस हं. मी येणार आहे परत."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "वेडी आहेस का? एकाचंही उसवणार नाही."

आणि खरंच नाही उसवलं. चाळीसच्या चाळीस नावं तिने तशीच खिशांवर ठेवली, मध्ये कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकल्या, आणि दर दोन महिन्यांनी कपडे उन्हात घातले. काका चिडवायचे, "बाई, तुमचे पाहुणे उठले का?" ती तिसरी मान हलवायची.

वर्ष गेलं. वर दोन महिने गेले. मालकांचा फोन कोणाला आला नाही. धाकटी एका आजारी म्हातारीच्या घरी देखभालीला जाऊ लागली. आधी ती दर रविवारी टाचणीकडे यायची. मग महिन्यातून एकदा यायला लागली, मग तेही बंद झालं. फोन केला की "कामात आहे गं" एवढंच. परिस्थितीने माणूस आखडतं, असं टाचणीने स्वतःला समजावलं. आपली नोकरी राहिली आणि तिची गेली, हे तिला लागलं असेल, असंही वाटायचं.

मग एका सोमवारी मालक तिच्या खोलीत आले. "ताई, गुरुवारी सगळे युनिफॉर्म बाहेर काढा. माणसं येणार आहेत."

टाचणीच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या. "सगळी?"

"सगळी. पण कोणाला बोलू नका. मला स्वतःला सांगायचंय त्यांना."

बोलू नका म्हटल्यावर तिने फक्त नवऱ्याला सांगितलं, आणि तेही त्याने विचारलं म्हणून. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "दुसऱ्यांदा साखर घातलीस. कारखान्यात काय घबाड मिळालं?" तिने सांगून टाकलं आणि सांगता सांगता ती हसतही होती आणि पदराने नाकही पुसत होती.

पुढचे तीन दिवस ती जेवायलासुद्धा धड उठली नाही. बटणं लावली, शिवणी पक्क्या केल्या, चाळीस जोडांना कडक इस्त्री केली. धाकटीच्या शर्टाची कॉलर झिजली होती, ती काढून नवी लावली. नावातल्या एका अक्षराचा दोरा सैल झाला होता, तो पुन्हा घालून घेतला. गुरुवारी सकाळी सगळे कपडे टेबलावर नंबराने मांडून ती दारात येऊन उभी राहिली.

साडेनऊला बस आली. पहिला माणूस उतरला, तो अनोळखी. दुसरा उतरला, तोही अनोळखी. टाचणी टाचा उंचावून धाकटीला शोधत राहिली. बस रिकामी झाली तरी तिला एकही ओळखीचा खांदा दिसला नाही. नवीन भरती केली वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तोंड उतरलं. तेवढ्यात मॅनेजर दोन माणसं घेऊन खोलीत शिरले आणि टेबलावरचे कपडे उचलू लागले.

"अहो, ही नवी माणसं आहेत. नावं उसवायची राहिलीत," ती कात्री हातात घेत म्हणाली. "मला दोन तास द्या."

"राहू द्या हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

एका दिवसाचा म्हणजे काय, हे तिला कळेना. विचारेपर्यंत मॅनेजर निघूनही गेले होते.

ती मागोमाग शेडमध्ये गेली आणि जागच्या जागी थबकली. शेड भरलेली होती. वर्षभर झाकून ठेवलेली मशीनं सुरू होती, पट्टे फिरत होते, पण त्यांत पुठ्ठाच घातलेला नव्हता. एका सहा फुटी माणसाची पँट पोटऱ्यांवर येऊन थांबली होती. एकाच्या खांद्यावरची शिवण दंडापर्यंत उतरली होती. गोंदाच्या पिंपाजवळ उभी असलेली बाई पिंपाला पाठ करून उभी होती. गोंद विभागात काम केलेलं माणूस असं उभं राहणार नाही, पाठीला चटका बसतो. आणि प्रत्येकाच्या खिशावर टाचणीच्या हातचं पिवळं नाव होतं, दुसऱ्याच कोणाचं. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नजर मशीनवरून वर उचलली नाही.

मालक एका सरकारी बाईंना घेऊन आले. बाई चाळिशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, हातात यादी. त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली आणि एकेक परका माणूस "हजर" म्हणू लागला. मग बाई प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढत. टाचणीला आधी काही समजलंच नाही. मग तिच्या कानावर धाकटीचं नाव आलं.

"हजर," एक मुलगी म्हणाली. विशीची असेल, दातांना तार लावलेली. अंगात ती नवी कॉलर.

टाचणीला वाटलं, आपण ओरडलो. पण ओरडली नव्हती. ओठांतली एक टाचणी जिभेत घुसली होती आणि तोंडात रक्ताची चव आली होती.

"पगार वेळेवर होतो का?" सरकारी बाईंनी त्या मुलीला विचारलं.

"हो मॅडम. दर महिन्याच्या सात तारखेला." पाठ केलेलं होतं, पण चुकलं नाही.

यादी संपली. जाता जाता बाई टाचणीपाशी थांबल्या. "तुम्ही कपडे सांभाळता ना? हे सगळे इथलेच?"

"आमच्या ताई," मालक मध्येच म्हणाले, "तेवीस वर्षं आहेत. त्यांनाच विचारा."

टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. टाचण्या काढून हातात घ्यायला किती वेळ लागतो? पण मालक बघत होते, मॅनेजर बघत होते, बासष्ट माणसं बघत होती, आणि तिची मान हलली. होकाराची.

दुपारी तीनला कपडे ढिगाने परत आले, बस निघून गेली, आणि मालक दारात डोकावले. "ताई, आज तुम्ही लाज राखलीत."

ती खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठली नाही. घरी जायला निघाली तेव्हा फाटकावरचा पहारेकरी पाहणीपुरता सकाळीच चिकटवलेला एक कागद पाण्याने खरवडून काढत होता. तिने तो हातात घेतला. ओला झालेला, पण अक्षरं धड होती. या कारखान्यास बासष्ट कामगारांच्या वेतनासाठी सरकारी मदतकर्ज मंजूर झाले आहे, वेतन न मिळाल्यास पुढील क्रमांकावर तक्रार करावी. आणि मंजुरीची तारीख. तिने बोटांवर दिवस मोजले. अंगणातल्या त्या भाषणानंतरचा नववा दिवस.

"वर्षभरापूर्वीच आलंय," ती मागून आलेल्या काकांना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "काका, मग गेलं कुठे?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "हमरस्त्यावर यंदा ते तीन मजली हॉटेल उभं राहिलं ना, ते मालकांच्या मेहुण्याचं आहे म्हणे. मेहुण्याकडे सायकल घ्यायला पैसे नव्हते, बाई. मी काय समजायचं ते समजलो. तुम्ही नका समजू, तुमची पेन्शन चार वर्षांवर आलीय."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. एरवी हा माणूस अंत्ययात्रेतही एखादा विनोद करून यायचा. तो ऐकत राहिला.

"त्या बाईंनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मान हलवली."

"म्हणजे हो म्हणालीस," तो म्हणाला आणि त्याने हातातलं जेवणाचं ताट खाली ठेवलं.

रविवारी ती धाकटीकडे गेली. वाटेत तिने मनाशी जुळवाजुळव केली होती. धाकटी चिडेल, आकांडतांडव करेल, मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, आणि मग आपण दोघी मिळून तक्रार करू. औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत धाकटी राहायची. ती वाळलेले कपडे घडी करत होती. टाचणीने कॉटच्या कडेवर बसून सगळं एका दमात सांगितलं. बस, परकी माणसं, तार लावलेली मुलगी, कागदावरची तारीख.

"तुझ्या नावावर वर्षभर पगार उचललाय त्याने! वर्षभर!"

धाकटीने एका टॉवेलची घडी केली, मग दुसऱ्याची. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मालक आले होते गेल्या वर्षी. सगळ्यांच्या घरी गेले. एका महिन्याचा पगार हातावर ठेवला आणि बाराही महिन्यांचा मिळाला, अशा कागदावर सह्या घेतल्या. म्हणाले, सही केली तर कारखाना वाचेल आणि तुम्ही परत याल. नाही केली तर पगार आणि नोकरी दोन्ही विसरा. लेकीची फी भरायची होती, ताई. मी केली सही. चाळीसही जणांनी केली."

टाचणीने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला. "आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

धाकटीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुला काय बोलायचं? मालक आम्हाला म्हणाले, विश्वास नसेल तर ताईंना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे. बघा, तुमची नावंसुद्धा उसवली नाहीत त्यांनी, कपडे तयार ठेवलेत. ते ऐकून तर लोकांनी सह्या केल्या."

खाली दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. टाचणीला ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं आणि समोर बसलेली आपली बहीण मात्र फार लांब गेल्यासारखी दिसत होती.

"तू म्हणालीस म्हणून नाही उसवली मी," ती कशीबशी म्हणाली.

"मी माझं एकटीचं म्हटलं होतं. तू चाळीसही ठेवलीस. मला वाटलं, मालकांनी सांगितलं असणार."

"मग विचारायचंस ना मला! एवढं वर्ष!"

"तू हो म्हणाली असतीस तर?" धाकटी म्हणाली. "त्याची भीती वाटत होती मला."

टाचणीने डोळे पुसले आणि सांगितलं की उद्या ती तक्रार करायला मदतकर्जाच्या सरकारी कार्यालयात जाणार आहे. हे ऐकून धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिने टाचणीचा हात धरला. "नको जाऊस, ताई. तुझ्या पाया पडते. तिथे नको जाऊस." टाचणीला वाटलं, सहीची भीती आहे. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं नाव काढणार नाही मी," ती म्हणाली. धाकटी रडत राहिली.

सोमवारी तिने तेवीस वर्षांतली पाचवी रजा टाकली, मापांची वही पिशवीत घातली आणि कार्यालय गाठलं. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना कपाटं, कपाटांवर फायली, आणि फायलींवर आणखी फायली. चष्म्याच्या साखळीवाल्या बाई तिसऱ्या टेबलावर बसल्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं.

"बसा. काय काम काढलंत?"

टाचणीने घरून निघतानाच ठरवलं होतं, बसायच्या आत बोलायचं. "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी मान हलवली. ते खोटं होतं. त्यांतले चाळीस जण आमचे नव्हते."

बाईंनी चष्मा लावला. टाचणीने वही उघडली आणि एकेक पान पुढे सरकवलं. कोणाची उंची किती, छाती किती, बाही किती. बाईंनी मोबाईलवरचे त्या दिवशीचे फोटो उघडले आणि दोघी शेजारी शेजारी ठेवून पाहू लागल्या. सहा फुटी माणसापाशी बाई थांबल्या. "याच्या पोटऱ्या बघून मला वाटलं होतं, तुम्हाला धड शिवता येत नाही," त्या म्हणाल्या.

टाचणीला हसू आलं नाही. हा तिच्या हाताचा अपमान होता आणि तोही तिला आज गिळावा लागला.

"पण तुम्ही आधी कळवून का येता?" तिने न राहवून विचारलं. "मालकांना तीन दिवस आधीच ठाऊक होतं. असं कळवून आलात, तर माणूस बस ठरवणार नाही का?"

"नियम आहे तसा," बाई म्हणाल्या आणि थोड्या ओशाळल्या. मग त्यांनी खालच्या खणातून एक फाईल काढली. "हे बघा, आम्ही उगाच आलो नव्हतो. चार महिन्यांपूर्वी एक निनावी तक्रार आलीय. कर्जाबद्दल, सह्यांबद्दल, हॉटेलबद्दल. यात तुमचाही उल्लेख आहे. म्हणून तर त्या दिवशी मी तुमच्यापाशी येऊन विचारलं."

"माझा?"

बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. *कपडे सांभाळणारी बाई मालकाला सामील आहे. तिने कोणाची नावं उसवलेली नाहीत, सगळे युनिफॉर्म तयार ठेवले आहेत. तिला धरलं तर सगळं बाहेर येईल.*

टाचणीने ती ओळ एकदा वाचली. मग तिचं लक्ष शब्दांवरून उडालं आणि अक्षरावर गेलं. हे अक्षर तिने बोट धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं. आई सकाळी कामावर जायची, तेव्हा दाराच्या उंबऱ्यावर बसून, एकेक वळण. कितीही सांगितलं तरी हिची वेलांटी शेवटी खाली घसरायची. कागदभर सगळ्या वेलांट्या घसरलेल्या होत्या.

काल धरलेला तो हात तिला आठवला. नको जाऊस, तिथे नको जाऊस. चार महिने तिच्या पाठच्या बहिणीने हे पोटात ठेवलं होतं. आणि तिला पकडून द्यायला निघालेली ती धाकटी फोनवर "कामात आहे गं" म्हणत होती.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं. तिने ऐकलं नाही. बाईंनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, "अक्षर ओळखीचं आहे? हे लिहिणारं माणूस समोर आलं तर केस पक्की होईल. नाहीतर सह्या करणाऱ्या चाळीस जणांना पहिल्या नोटिसा जातील. आणि तुम्हालाही."

टाचणी कागदाकडे बघत होती. तिच्या ओठांत आज एकही टाचणी नव्हती.

"ओळखीचं आहे," ती म्हणाली. "पण कोणाचं ते सांगणार नाही. त्या चाळीस जणांना मालकांनी माझं नाव सांगून फसवलं, हे लिहून घ्या. माझ्या नावाने लिहा, मी सही करते. आणि मी मान हलवली, तेही लिहा."

"नोकरी जाईल तुमची. चौकशीही होईल."

"होऊ दे."

जबाब लिहायला दोन तास लागले. बाईंनी वाचून दाखवला. टाचणीने प्रत्येक पानावर पूर्ण सही केली आणि मापांची वही तिथेच ठेवून बाहेर पडली. घरी जायची बस आली, थांबली आणि गेली. ती दुसऱ्या बसने धाकटीकडे गेली.

दार उघडंच होतं. धाकटी आज म्हातारीकडे गेली नव्हती. कालचे घडी केलेले कपडे कॉटवर तसेच पडले होते आणि ती त्यांच्याशेजारी बसून होती. टाचणीला पाहून ती उठली नाही.

"गेली होतीस?"

"गेले होते."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

धाकटीने मान खाली घातली. "मी तुझं लिहिलं होतं, ताई."

"वाचलं मी," टाचणी म्हणाली.

टाचणी थोडा वेळ दारातच उभी राहिली. आत जावं की मागे फिरावं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. मग तिने चपला काढल्या, कॉटवरचे कपडे एका बाजूला सारले आणि बहिणीपासून थोडी दूर, पण त्याच कॉटवर, ती बसली.